मीर सुलतान खान खरंच नोकर होता का?

तिरका_उंट
मुलाला बुद्धिबळाच्या क्लासला सोडतो आणि तासभर बाहेर बाकड्यावर बसतो, तिथे परवा एका पालकांनी विषय काढला की कॅपाब्लांका या माजी जगज्जेत्याला एका अडाणी पंजाबी नोकराने हरवलं होतं, मालकाने त्याला विलायतेला नेलं, तो तिकडे चॅम्पियन झाला आणि परत आल्यावर गायबच झाला. मला आधी वाटलं व्हॉट्सॅपवरची स्टोरी असेल, पण घरी येऊन शोधलं तर सुलतान खान नावाचा माणूस खरंच होता. आता प्रश्न असा की यातलं खरं किती आणि मीठमसाला किती? आणि इतका भारी होता तर चार-पाच वर्षांत खेळ सोडला का? जाणकारांनी लिहा प्लीज, पोराने पण विचारून डोकं खाल्लंय.

आजोबांचा_पट
कॅपाब्लांकाला हरवलं हे शंभर टक्के खरं. हेस्टिंग्ज, 1930-31 ची स्पर्धा. सुलतान खान पांढऱ्याकडून खेळला, वजीर देऊन दोन हत्ती घेतले आणि मग घाई न करता कॅपाला असा आवळत नेला की 65 चालींत डाव संपला. कॅपाब्लांका म्हणजे तोच ज्याला एंडगेमचा (पटावर थोडे मोहरे उरल्यावरच्या खेळाचा) बादशहा म्हणतात, त्यालाच एंडगेममध्ये दमवला! स्पर्धेत पहिला ऑयवे, दुसरा कॅपाब्लांका, तिसरा आपला गडी.

पण मला त्याहून भारी वाटतं ते हे की तो लहानपणी शिकला तो खेळच वेगळा होता. माझे आजोबा देशी पद्धतीने खेळायचे म्हणून मला माहितीये, त्यात प्याद्याला पहिल्या चालीलाही एकच घर, आत्तासारखं कॅसलिंग (राजा-हत्ती एकाच चालीत हलवणं) नाही, राजाला शह मिळालेला नसेल तर एकदाच घोड्यासारखी उडी, आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की सरळ वजीर नाही, ज्या घरात पोचलं त्या घरचा मोहरा. त्यामुळे सुरुवात एकदम संथ, पट बंद बंद, खरी मारामारी नंतर. असा माणूस लंडनला गेल्यावर ओपनिंगमध्ये (डावाच्या सुरुवातीला) मार खाणार हे उघडच होतं, आणि खाल्लाच. एप्रिल 1929 ला तो तिकडे पोचला, प्रॅक्टिससाठी छोटी स्पर्धा ठेवली त्यात शेवटच्या नंबरात. मग विंटर आणि येट्स या दोन इंग्लिश खेळाडूंनी त्याला शिकवलं, आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला गडी थेट ब्रिटिश चॅम्पियन! मग 1932 आणि 1933 ला पुन्हा. चार वेळा खेळला, तीन वेळा जिंकला.

घोडा_अडीच_घरं
आजोबांच्या पटाला +१. ऑलिंपियाडचंही (देशांच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा) सांगतो कारण ते कोणी सांगत नाही. 1931 ला प्रागमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर हा खेळला, 8 जिंकले, 7 बरोबरी, फक्त 2 हरले. हरवलेल्यांत फ्लोर आणि रुबिनस्टाइन असे तेव्हाचे बडे खेळाडू, आणि तेव्हाचा जगज्जेता अलेखिन याच्याशी बरोबरी. त्याच वर्षी टार्टाकोव्हरला मॅचमध्ये साडेसहा-साडेपाचने हरवलं. हे सगळं इंग्लंडची थंडी सोसत, मलेरिया, सर्दी, घसा कायम धरलेला, म्हणे मान फडक्याने गुंडाळून पटावर बसायचा.

फक्त_वाचतो
नोकर प्रकरणावर कोणीच बोलत नाहीये, प्रश्न तोच होता ना.

सर उमर हयात खान टिवाणा हे पंजाबातले मोठे जहागीरदार, ब्रिटिशांच्या मर्जीतले. सुलतान खान त्यांच्या पदरी होता हे नक्की. अमेरिकन ग्रँडमास्टर फाइनने आठवण लिहिलीये की 1933 ला फोकस्टोनचं ऑलिंपियाड जिंकल्यावर त्यांच्या टीमला सर उमरच्या लंडनच्या घरी जेवायला बोलावलं होतं आणि वाढायला कोण तर सुलतान खान! जगातले टॉपचे खेळाडू टेबलाशी बसलेत आणि त्यांच्या बरोबरीचा माणूस वाढतोय, वाचून पोटात कसंतरी होतं.

पण घरच्यांचं म्हणणं वेगळंय. त्यांच्या मते घराणं जमीनजुमला असलेलं होतं, वडिलांनीच त्याला खेळ शिकवला, तो लिहिता-वाचताही होता, "अडाणी नोकर" हे गोऱ्यांनी रंगवलेलं चित्र. मला विचाराल तर पदरी असणं म्हणजे आत्ताच्या अर्थाने घरगडी नव्हे. आपल्याकडे संस्थानिकांच्या पदरी गवई असायचे, पैलवान असायचे, त्यांना कोणी नोकर म्हणतं का? पण मालकाने सांगितलं की ताट उचलायला लागत असणार, हेही तितकंच खरं. आणि "मीर" हे नाव नाही, मान म्हणून लावलेला शब्द.

आजोबांचा_पट
@फक्त_वाचतो गवयाची उपमा आवडली, पण गवयाला कोणी पंगतीत वाढायला नाही हो लावत.

फक्त_वाचतो
तेही खरंय 😀

घोडा_अडीच_घरं
त्याच घरातल्या मिस फातिमाला विसरू नका. तीही सर उमरच्या पदरचीच, 1933 ला हेस्टिंग्जला बायकांचं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकली. एकाच वर्षी, एकाच घरातले दोघं! तिच्यावर कोणी व्हॉट्सॅप स्टोरी करत नाही.

तिरका_उंट
बाप रे, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. पण परत आल्यावर काय झालं?

आजोबांचा_पट
डिसेंबर 1933 ला सर उमरबरोबर परतला. गायब वगैरे काही नाही, 1935 ला आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी मॅच खेळला, दहा डावांत खाडिलकरांना फक्त एक बरोबरी मिळाली, बाकी नऊ हरले. (मराठी माणूस म्हणून थोडं लागतं, पण समोर कोण होता ते पण बघा.) त्यानंतर युरोपच्या स्पर्धा नाहीत, खर्च करणाऱ्याची इच्छा संपली की असल्या खेळाडूचं काय होणार. फाळणीनंतर गाव पाकिस्तानात गेलं, तिथेच शेती सांभाळली, 1966 ला सरगोध्याला क्षयाने गेला. मुलांना म्हणे बुद्धिबळ शिकवलंच नाही, म्हणाला काहीतरी उपयोगाचं करा.

फक्त_वाचतो
आणि 1950 ला फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) पहिले 27 ग्रँडमास्टर जाहीर केले त्यात त्याने हरवलेला रुबिनस्टाइन होता, हा नव्हता. मानद ग्रँडमास्टर केलं ते थेट 2024 ला, पाकिस्तानच्या नावावर.

तिरका_उंट
पोराला आत्ता कॅपाब्लांकाचा तो डाव लावून दिलाय, विसाव्या चालीलाच विचारतोय की बाबा यात मारामारी कधी सुरू होणार 🤦