‘हलकं घ्या’ म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः घेऊन बघा

उनाडसावली:
निवांत यांच्या कालच्या पोस्टखाली दोन ओळी खरडणार होते. दोनाच्या चाळीस झाल्या, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी: साहेबांनी शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक विनोद टाकला. बायको माहेरी जाते आणि नवऱ्याला आनंद होतो, तो. ५८ जणांत सहा हसले. एका वर्गमैत्रिणीने ‘अजून किती वर्षं हेच?’ असं विचारलं. एवढ्यावर निवांतरावांनी थेट मृत्यूचा दाखला फाडला: लोकांची विनोदबुद्धी मेली, आता दगडधोंड्यांवर विनोद करायचे, उद्या तेही दुखावतील.

तर, मी दुखावलेली नाही. कंटाळले आहे. विनोदात शेवटी कुठेतरी पाय घसरायला हवा ना? इथे पहिला शब्द ‘बायको’ आला की शेवट आधीच दारात उभा असतो. ती बोलत राहणार, तो ऐकत नसणार. ती खर्च करणार, तो भरणार. ती जाणार, तो नाचणार. यात मी नेमकं कुठे दचकायचं?

पण त्याहून जास्त खुपतं ते वेगळंच. आमच्या घरच्या ग्रुपवर काका असलेच विनोद टाकतात आणि सगळ्यात आधी हसरा चेहरा येतो तो काकूचा. दरवेळी. एकदा दोघीच होतो तेव्हा तिला विचारलं, तुला खरंच हसू येतं? ती म्हणाली, ‘नाही हसले तर संध्याकाळी विचारतात, रागावलीस का म्हणून. मग ते सगळं बोलत बसायचं. त्यापेक्षा बोट टेकवलेलं बरं.’

म्हणजे जिच्यावर विनोद, तिनेच पहिली हजेरी लावायची. आणि वर ऐकायचं काय, तर हलकं घ्या.

निवांत:
पहिली दुरुस्ती. सहा नाही, अकरा. तुमची पोस्ट येईपर्यंत पाच वाढले होते.
आता मुद्द्यावर. विनोदातला नवरा कसा असतो ते कधी पाहिलंत? बावळट, आळशी, भित्रा, घोरणारा. गेली कित्येक वर्षं आम्ही हे निमूट सोसतोय. एकाही पुरुषाने कधी धागा काढला नाही. माझ्या लग्नाला ३१ वर्षं झाली. हाच विनोद मी बायकोलाही पाठवला, तिने लगेच हसरा चेहरा दिला. ज्यांच्या घरात हसतं-खेळतं वातावरण असतं त्यांना हे प्रश्न पडत नाहीत.

उनाडसावली:
आलात का घरावर? मला वाटलं निदान तिसऱ्या प्रतिसादापर्यंत दम धराल.

तिखटमीठ:
मी बाई आहे आणि मी असले विनोद टाकते. नवऱ्यावरचे टाकते, बायकोवरचेही टाकते. आमच्या घरात आवाज माझा चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. ‘वाघीण घरी नाही’ वगैरे वाचलं की मला बरं वाटतं. तेव्हा उनाडसावलीताई, माझ्या वतीने कंटाळून घेऊ नका. माझा कंटाळा मी बघून घेईन.

कंटाळलेला अॅडमिन:
मुद्दा बायकोचा नाहीच, फॉरवर्डचा आहे. निवांत, तुमच्या त्या विनोदावर दोन बाण होते की नाही? एक बाण म्हणजे कुणीतरी पुढे ढकललेला, दोन बाण म्हणजे पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला. २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे तुम्ही तो शाळेच्या ग्रुपवर वेगळा, बायकोला वेगळा, असा मुद्दाम कष्ट घेऊन पाठवलात. एवढे कष्ट घेऊन दुसऱ्याचा उष्टा विनोद? तीन ग्रुप सांभाळतो मी. सकाळी सहाला सुप्रभात सुरू होतं ते रात्री बाराला शुभरात्रीने संपतं, मध्ये हे. एखाद्याने स्वतःच्या डोक्यातून आलेला वाईट विनोद टाकला ना, तर मी त्याला मानाने अॅडमिन करीन.

तिरपीरेघ:
बायकोने हसरा चेहरा दिला म्हणजे ती हसली, हे निवांत यांचं म्हणणं कोर्टात टिकेल बरं का. अवांतर आहे, पण सांगतो. कॅनडात सॅस्कॅचवान प्रांतातल्या एका शेतकऱ्याला धान्यखरेदीवाल्याने जवसाच्या कराराचा फोटो पाठवून ‘कन्फर्म करा’ म्हटलं. शेतकऱ्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवला. पुढे जवसाचा भाव चढला आणि याने माल काही दिला नाही. कोर्टात म्हणाला, अंगठ्याचा अर्थ ‘करार मिळाला’ एवढाच होता. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, अंगठा म्हणजे सही. ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई बसली. २०२४ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं.

आजीचाचष्मा:
अगंबाई. मी तर दिवसातून वीसदा अंगठा देते. ‘वाचलं’ एवढंच म्हणायचं असतं. नातू म्हणतो आजी, अंगठा उद्धट दिसतो, देत जाऊ नकोस. उद्धट कसा?

बॅटरी२टक्के:
नातवाचं बरोबर आहे आजी. अंगठा म्हणजे ‘कळलं, आता निघा’. मी साहेबांना रात्री अकरापर्यंत जागून केलेलं काम पाठवतो आणि तिकडून अंगठा येतो. ‘छान’ नाही, ‘मिळालं’ नाही. अंगठा. त्यापेक्षा काहीच आलं नसतं तर रात्री झोप लागली असती.

कंटाळलेला अॅडमिन:
@बॅटरी२टक्के, साहेबांना पन्नास लोक काम पाठवतात. पन्नासांना प्रेमपत्रं लिहायची का? अंगठ्यासारखी सभ्य गोष्ट नाही. कमी जागा, कमी आवाज. ग्रुपवर सूचना टाकली आणि चाळीस जणांनी वेगवेगळं ‘ओके’ लिहिलं की काय होतं ते माझ्या फोनला विचारा.

बॅटरी२टक्के:
तुमच्या पिढीला ‘ठीक आहे’पुढे पूर्णविराम दिला तरी काही वाटत नाही. आमच्यात ‘ठीक आहे’पुढे पूर्णविराम आला तर माणूस दोन दिवस विचार करतो, आपलं काय चुकलं.

तिरपीरेघ:
पूर्णविरामाला घाबरणारी पिढी. व्याकरणाच्या तासाला काय होत असेल यांचं.

बॅटरी२टक्के:
आणि तुमची पिढी ‘वा वा’पुढे सात टिंबं देते. ती कशासाठी? बोलता बोलता झोप लागते?

आजीचाचष्मा:
ती टिंबं मी पण देते. श्वास घ्यायला.

संदर्भद्या:
धागा पुरता भरकटायच्या आत. थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १७व्या शतकात म्हटलं होतं की आपण दुसऱ्यापेक्षा वरचढ आहोत हे अचानक जाणवतं तेव्हा हसू फुटतं. त्याही पुढे जाऊन थॉमस फोर्ड या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रयोग केले. ज्या पुरुषांच्या मनात स्त्रियांबद्दल आधीच अढी होती, त्यांनी स्त्रियांना हिणवणारे विनोद समोर आल्यावर महिलांच्या संस्थेला मदत द्यायची तयारी कमी दाखवली. अढी नसलेल्यांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे विनोद अढी निर्माण करतो असं नाही, असलेल्या अढीला मोकळीक देतो. तेव्हा निवांत आणि उनाडसावली दोघंही अर्धे बरोबर आहेत.

निवांत:
काही जणांना खोलीत बसवून विनोद ऐकवले की झाला अभ्यास. माझ्या घरात ३१ वर्षं प्रयोग चालू आहे. मला नाही कुणी विचारायला आलं.

उनाडसावली:
तुमच्या प्रयोगात विनोद सांगणारा, निकाल लावणारा आणि हसणाऱ्यांची मोजणी करणारा एकच माणूस आहे. म्हणून कुणी आलं नसेल.

@तिखटमीठ, तुमचं मान्य करते. करवत नाही, पण करते. तुम्ही टाकता. काकू टाकत नाही, तिच्यावर टाकला जातो. उद्या तिने नवऱ्यावरचा एखादा टाकला तर काका हसतील का, हे तिने अजून करून पाहिलेलं नाही.

तिखटमीठ:
मग काकूला शिकवा ना टाकायला. इथे धागा काढून काय होणार?

उनाडसावली:
शिकवायला गेले होते. म्हणाली, ‘तुझं तू बघ, मला इथे राहायचं आहे.’

एकटाजीव:
वाचक आहे, सहसा लिहीत नाही. मी असले विनोद भरपूर टाकायचो. मित्रांच्या ग्रुपवर फेमस होतो त्यासाठी. स्वयंपाकावरून, तिच्या फोनवर बोलण्यावरून, तिच्या आईवरून. आम्ही वेगळे झालो त्याला आता सहा वर्षं होतील. कारणं बरीच होती, विनोद त्यात कुठेतरी खाली असेल. पण शेवटच्या काही भेटींतल्या एका भेटीत ती म्हणाली, ‘माझं काय काय खुपतं ते ग्रुपवरच्या तीस माणसांना माहीत होतं. मला एकटीला तू कधी सांगितलं नाहीस.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘गंमत होती’ तोंडावर आलं होतं, गिळलं.

निवांत:
एकटाजीव, वाईट वाटलं. मनापासून. पण तुमच्या घरात जे झालं ते सगळ्यांच्या घरात होईल असं नाही, एवढं म्हणू द्या.

एकटाजीव:
म्हणा की. मीही तेव्हा हेच म्हणायचो.

बॅटरी२टक्के:
वरच्या प्रतिसादाला काय देऊ कळत नाहीये. अंगठा दिला तर उद्धट. हृदय दिलं तर विचित्र. काही न देता गेलो तर कोरडा.

कंटाळलेला अॅडमिन:
म्हणूनच सांगतो, अंगठा. पोचलं एवढंच म्हणायचं असतं माणसाला.

बॅटरी२टक्के:
दुःखाच्या बातमीवरही अंगठाच देता का?

कंटाळलेला अॅडमिन:
एकदा दिला होता. गेलेल्या माणसाच्या मुलाने ग्रुप सोडला. तेव्हा अजून गुपचूप सोडायची सोय नव्हती, ती २०२२ मध्ये आली. त्यामुळे ‘अमुक यांनी ग्रुप सोडला’ हे सगळ्यांना दिसलं. बरोबर माझ्या अंगठ्याच्या खाली.

तिरपीरेघ:
आणि हा माणूस इथे सभ्यता शिकवतोय.

कंटाळलेला अॅडमिन:
तुमच्यासारखं आयुष्यभर काठावर बसून टोमणे मारण्यापेक्षा बरं आहे. तीन ग्रुप सांभाळून दाखवा आठवडाभर.

आजीचाचष्मा:
भांडू नका रे. माझं ऐका. मेसेजवर बोट दाबून धरलं की ती रांग उघडते ना, त्यात हसरा आणि रडका यांच्या मध्ये फक्त एक तोंड वासलेला बसवलाय. ज्याने ही रांग लावली त्याला म्हातारी माणसं माहीत नसावीत. माझ्या नणंदेचे दीर वारल्याच्या मेसेजवर माझं बोट दोन घरं अलीकडे पडलं. चष्मा नव्हता. रात्रभर तिथे हसरा चेहरा. सकाळी सुनेने बघितलं आणि काढला. नणंद अजून माझ्याशी तोलून मापून बोलते, आणि मला ते समजावून सांगताही येत नाही. काय सांगू, बोट घसरलं?

उनाडसावली:
आजी, तुमचं बोट चुकून पडलं तर नणंद अजून तोलून मापून बोलते. काकूचं बोट रोज मुद्दाम खोटं पडतं आणि घर सुखी आहे. मला जे म्हणायचं होतं ते तुम्हीच म्हटलंत.

तिरपीरेघ:
आजींनी तसलं काही म्हटलेलं नाही. त्यांनी चष्म्याबद्दल सांगितलं. लोकांच्या बोटांनी स्वतःचे मुद्दे दाबू नका.

संदर्भद्या:
मी वर दिलेल्या अभ्यासावर कुणी काही बोलणार आहे का?

बॅटरी२टक्के:
(अंगठा)

निवांत:
तुम्ही सगळे इतकं बोललात म्हणून आज बायकोला सरळ विचारलं, परवाचा विनोद तुला खरंच आवडला होता का. ती म्हणाली, ‘कुठला?’ फोन उघडून दाखवला. तिने तो वाचलाच नव्हता. माझा मेसेज लांब असला आणि खाली ‘आणखी वाचा’ दिसलं की ती हसरा चेहरा देऊन मोकळी होते. किती वर्षं चाललंय विचारलं तर म्हणाली, मोजलं नाही.
मग मी मागे जाऊन बघत बसलो. गेल्या महिन्यात मी माझ्या रक्ततपासणीचा अहवाल पाठवला होता, खाली डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर लिहून. त्यावरही हसरा चेहरा आहे. मी तेव्हा धरून चाललो की तिला अहवाल ठीक वाटला.
तरीही विनोद चांगला होता, यावर मी ठाम आहे.

तिखटमीठ:
अहवालात काय होतं पण?

निवांत:
साखर वाढली आहे.

आजीचाचष्मा:
तिला शेजारचा तोंड वासलेला द्यायचा असेल हो. एकच घर चुकतं.