'आयनिक गट' की 'मूलक'?

शाहूपुरी: चपलांच्या फिनिशला वापरतात त्या पाण्यातल्या पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) मराठी माहितीपत्रकात 'आयनिक ग्रुप'ला, म्हणजे साखळीवरच्या भारित गटाला, 'मूलक' लिहिलं तर चालेल का? शाळेच्या पुस्तकात तोच शब्द आहे.

बहुवारिक: नको ओ. मूलक म्हटलं की सल्फेट, नायट्रेट असं सुटं काहीतरी डोळ्यापुढे येतं. इथं गट साखळीलाच जोडलेला असतो, सुटा असतो तो त्याचा जोडीदार. त्याला 'प्रतिआयन' म्हणा. फॅरेडेनं १८३४ मध्ये ग्रीकमधून 'आयन' घेतला तो 'जाणारा' या अर्थानं. आपल्या उत्तरायणातलं 'अयन' त्याच मुळाचं. इथला जाणारा मात्र दाव्याला बांधलेला!

हिरडा-बाभूळ: 'उदासीनीकरण' हा शब्दही इथं चकवतो. पीयू बनवताना घातलेल्या डीएमपीए या घटकामुळं साखळीवर कार्बोक्झिल हा आम्लगट लटकतो आणि ट्रायएथिलअमाइन या अल्कलीनं उदासीन केल्यावरच त्याच्यावर ऋण भार येतो. १०० ग्रॅम पॉलिमरात ५ ग्रॅम डीएमपीए (रेणुभार १३४) असेल, तर पूर्ण उदासीनीकरणाला अमाइन (रेणुभार १०१) सुमारे ३.८ ग्रॅम.

शाहूपुरी: मग 'पाण्यात विरघळणारं पीयू' बरोबर ना?

बहुवारिक: चूक. 'विखुरलेलं' लिहा. पाणी नकोसा भाग कणाच्या आत दडतो, भारित गट पृष्ठभागावर राहतात आणि कण एकमेकांना ढकलतात, म्हणून वेगळा साबण लागत नाही. गट वाढवले की कण बारीक होतात, दुधी रंग निळसर होतो, द्राव घट्ट होतो. गट साखळीच्या कठीण भागात बसतात आणि भारांच्या ओढीनं एकमेकांना धरतात. त्यानं थर ताठ होतो, पण ताणला की लवकर तुटतो. शिवाय पाणीही जास्त पितो.

शाहूपुरी: अमाइनऐवजी कॉस्टिक सोडा घातला तर? स्वस्त पडेल.

हिरडा-बाभूळ: पडेल की, पण अमाइन ८९ अंशांना उकळतं, थर वाळताना बरंचसं उडून जातं. सोडियम तिथंच बसून राहतं आणि थर ओल धरतो.

आणि 'कोअ‍ॅग्युलेशन'ला 'साकळणे' आहे, पण दुधासारखं 'फाटलं' लिहा, कारागिराला लगेच कळेल. आम्ल पडलं की फाटतं. बोअरच्या दुष्फेन पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनंही फाटतं. ('जड पाणी' लिहू नका, ते अणुभट्टीतलं.) तिसरं कारण फवारायच्या बंदुकीत राहिलेला धनभारित बेसकोट, म्हणजे पहिला थर. हिरडा-बाभळीनं कमावलेलं चामडं ऋणभारित, म्हणून बेस धनभारित घेतात. त्यावर ऋणभारित पीयू मारण्याआधी बंदूक आणि भांडं धुतलं नाही, तर नोझलमध्येच गुठळी.

बहुवारिक: 'बंदूक' नको, 'स्प्रे गन' लिहा.