जर्मनीत एक सेमिस्टर : कागद, वर्ग आणि भटकंती (अनुभव धागा)

विंटर सेमिस्टर जवळ आलं की तेच प्रश्न पुन्हा येतात : कागद आधी कुठले, खोलीचं काय, आणि सहा महिन्यांत फिरायचं कसं. जर्मनीत शिकलेल्यांनी आणि शिकत असलेल्यांनी इथे नेमकं लिहावं. आठवणी नंतर, आधी मुदती, आकडे आणि गाडी कुठे अडते ते.

आखेन, इंजिनिअरिंग

पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाच्या सहीचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग (आपण तिथे राहायला आल्याचा दाखला) लागतं. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही, आणि पहिली खेप बहुधा इथेच वाया जाते. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांच्या आतली अपॉइंटमेंट मिळणं कठीण असतं. तरीही ती मुदतीच्या आत नोंदवून ठेवा आणि पोच जपा.

त्याच दिवशी लेटरबॉक्सवर आपलं आडनाव लावा. पोस्टमन खोलीचा नंबर पाहत नाही, नाव पाहतो. बँकेचं कार्ड, पिन, विम्याचं कार्ड हे सगळं टपालाने येतं. नाव नसेल तर परत जातं.

श्पेर्कोन्टोत, म्हणजे व्हिसासाठी दाखवायच्या गोठवलेल्या खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ धरतात. हे पैसे दरमहा तेवढेच सुटतात. पहिल्या महिन्यातली अनामत, भाडं आणि सेमिस्टर फी यांना ते पुरत नाहीत, म्हणून त्यांची वेगळी तरतूद करून निघा. प्रवासविमा विद्यापीठातल्या प्रवेशासाठी चालत नाही. तिशीच्या आतल्यांना सरकारी विमा विद्यार्थी दरात मिळतो, आणि विमा कंपनीच विद्यापीठाला तसं परस्पर कळवते.

फ्रायबर्ग

खोलीबद्दल थोडंसं. जाहिरातीतलं काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग वगैरे धरून. अनामत काल्टमीटेच्या तिपटीपर्यंत असू शकते. ताबा घेताना भिंती, गादी, शेगडी, बेसिन यांचे फोटो काढा आणि जुने डाग ताबा-पत्रकात लिहून घ्या. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची. दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत थंड पडते, तिच्यावर ओल धरते, बुरशी येते आणि अनामतीतून पैसे कापले जातात. बरेचसे दरवाजे ओढले की बाहेरून उघडत नाहीत, त्यामुळे कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी.

लाइपझिग, एक्स्चेंज

वेळापत्रकात १०.०० सी.टी. लिहिलं असेल तर वर्ग सव्वादहाला सुरू होतो, एस.टी. असेल तर दहाच्या ठोक्याला. पूर्ण सेमिस्टर ३० ईसीटीएसचं (युरोपभर चालणारी क्रेडिट) असतं, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. गुण १.० ते ५.०, आणि इथे लहान आकडा चांगला, ४.० ला पास.

कळकळीने सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे परीक्षेची नोंदणी. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नाही. पोर्टलवर तिची खिडकी वेगळी उघडते आणि बंद झाली की सहसा पुन्हा उघडत नाही. तासिका साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, लेखी परीक्षा मार्चपर्यंतही जातात. परतीचं तिकीट आणि खोलीचा करार ही तारीख पाहूनच ठरवा. मोठी भटकंती नोव्हेंबरात उरकावी, जानेवारीत नाही.

म्युनिक

फिरण्याचा कणा म्हणजे डॉइचलांडटिकेट, देशभरच्या प्रादेशिक गाड्यांना आणि शहरातल्या बस-ट्रामला चालणारं महिन्याचं तिकीट. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना आलं, २०२५ मध्ये ५८, जानेवारी २०२६ पासून ६३. अनेक विद्यापीठांत सेमिस्टर फीमध्येच त्याची सवलतीतली आवृत्ती असते. ते तपासल्याशिवाय वेगळं घेऊ नका. स्वतंत्र घेतलं तर रद्द करण्याची मुदत त्या महिन्याची १० तारीख. चुकली की पुढच्या महिन्याचे पैसे जातात.

आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही, प्रादेशिक गाड्या मात्र सगळ्या मोकळ्या. म्युनिकहून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंतही जाता येतं. पासपोर्ट बरोबर हवाच, कारण सीमेवर तपासणी होते. काही गाड्या वाटेत दुभंगतात : म्युनिकहून निघालेल्या गाडीचे काही डबे होल्झकिर्शनला बायरिशझेलकडे वळतात, बाकीचे शाफ्टलाखला टेगर्नझे आणि लेंगग्रीस असे फुटतात. फलाटावरच्या पाटीवर कुठला भाग कुठे जाणार ते लिहिलेलं असतं. चुकीच्या डब्यात बसलात तर डुलकी संपते ती वेगळ्याच गावी.

दूरच्या गाडीचं स्वस्त तिकीट त्या एका गाडीशी बांधलेलं असतं. पोहोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की हे बंधन सुटतं आणि दुसरी गाडी धरता येते. तासाभराच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के परत मिळतात, पण अर्ज करावा लागतो.

नॉयश्वानस्टाइन किल्ल्यात प्रवेश ठरलेल्या वेळीच. म्युनिक ते फ्युसेन रेल्वेने दोन तास, पुढे बस, मग तिकीटखिडकीपासून ३०-४० मिनिटांचा चढ. वेळ चुकली की तिकीट बाद. बर्फ असेल तर समोरचा मारियेनब्रुके पूल बंद असू शकतो, आणि किल्ल्याचं ते सुप्रसिद्ध दृश्य तिथूनच दिसतं.

कलोन

कॅथेड्रल स्टेशनाला लागूनच आहे. मनोऱ्यावर जायला तिकीट आहे, आणि ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही. सॅक पाठीवर घेऊन चढू नका.

बर्लिन, मास्टर्स

राइशटागचा, म्हणजे संसद भवनाचा, घुमट फुकट आहे, पण आधी नावनिशी नोंदणी हवी आणि दारात मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद आहे, अंशतः २०२७ मध्ये उघडायचं आहे. त्यासाठीच निघालेल्यांनी बेत बदलावा.

देशाबाहेरचं गणित : जर्मन डी-व्हिसा (दीर्घ मुदतीचा) किंवा निवास परवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत (आपसांत सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. जर्मनीतले दिवस यात धरत नाहीत. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंड आहे, पण युरोपीय संघात नाही. मोबाइलचं फुकट रोमिंग तिथे गृहीत धरू नका.

पॅरिसला वय १८ ते २५ असेल तर परवान्याचं कार्ड किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा बरोबर न्या. युरोपात राहणाऱ्या या वयोगटाला लूव्र संग्रहालयात फुकट प्रवेश असतो. नुसत्या कॉलेजच्या ओळखपत्रावर मिळत नाही. लूव्र मंगळवारी बंद. स्वस्त विमान घेताना विमानतळाचं पूर्ण नाव वाचा : फ्रांकफुर्ट-हान शहरापासून सुमारे १२० किमी आहे, पॅरिस-बोव्हे सुमारे ८५. बसचं भाडं आणि वेळ धरली की स्वस्ताई बरीच आटते.

आखेन, पुन्हा

निघतानाचं राहिलं. आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी रद्द करणं, जाण्याआधी फार तर एक आठवडा करता येते, उशिरात उशिरा दोन आठवड्यांनी. तिची पावती मिळाली की तिच्यावरच विमा आणि घरटी १८.३६ युरोंचा मासिक प्रसारणकर बंद करून घ्यायचा. पत्र न पाठवता निघालं तर बिलं चालूच राहतात. अनामत परत यायला काही महिने लागू शकतात. तोवर जर्मन खातं बंद करू नका.