पुस्तकभेट आणि वाचनस्पर्धा : सोडत, गुण आणि टपालाचा हिशेब

बोरीकाठ (अमळनेर)

बठ्ठासले राम राम. आम्ही तिघं हौशी वाचक, अमळनेर, जळगाव आणि शहाद्याचे. वाचलेल्या पुस्तकांवर नेमानं लिहितो. आता वाचकांसाठी दोन गोष्टी करायच्या आहेत : १२ पुस्तकं भेट द्यायची आणि आठ आठवड्यांची वाचनस्पर्धा घ्यायची. खर्चाला ३,००० रुपये आहेत, टपालही त्यातच. भाग घेणारे खान्देशातलेच, साधारण ४० ते ६०, त्यात शाळकरी मुलंही असतील.

सोडत कशी काढावी की कुणाला शंकेला जागा राहू नये? स्पर्धेत पुस्तकं मोजायची की पानं? खरंच वाचलंय हे कसं ओळखायचं? आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे पुस्तक स्वस्तात, धड कसं पोहोचवायचं? नोंदणीला २० रुपये घ्यावेत असं आमच्यातल्या एकाचं मत आहे, त्यावरही सांगा.

तापीखोरं (भुसावळ)

भाऊ, आधी ते २० रुपये. घेऊ नका. पैसे घेऊन चिठ्ठीनं बक्षीस दिलं की ती लॉटरी झाली. भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ याच गोष्टीबद्दल आहे आणि विनापरवाना लॉटरीची नुसती जाहिरात करणंही त्यात येतं. रक्कम लहान आहे म्हणून सुटका नाही. नोंदणी फुकट, पुस्तक फुकट, टपालखर्च तुमचा, असंच ठेवा.

दुसरं, भेट आणि स्पर्धा वेगळ्या ठेवा. भेट नशिबाची, स्पर्धा मेहनतीची. ‘जास्त वाचलं तर जास्त चिठ्ठ्या’ असं केलं की दोन्हीकडचे लोक नाराज होतात. १२ पैकी ४ पुस्तकं सोडतीला आणि ८ स्पर्धेला काढा.

‘पाच जणांना पाठवा, मग नाव घेऊ’ ही अट नको. त्यानं गर्दी वाढते, वाचणारे वाढत नाहीत. त्याऐवजी नाव देताना एक प्रश्न विचारा : या चारपैकी कोणतं पुस्तक हवं आणि का, दोन वाक्यांत. ज्याला पुस्तक नकोच आहे, तो तिथंच गळतो. एका घरातून तीन मोबाइलवरून तीन नावं येतात, म्हणून नियम ‘एका पत्त्याला एक नाव’ असा लिहा, ‘एका नंबराला एक’ असा नाही.

आता सोडत. समोर पंधरा-वीस माणसं बसलेली असतील तर डब्यातल्या चिठ्ठ्याच उत्तम. पण लोक तीन जिल्ह्यांत विखुरलेले असले की चिठ्ठ्यांचा व्हिडिओ कुणाला पटत नाही. स्प्रेडशीटमधलं रँडबिटवीनचं (दोन आकड्यांमधला कुठलाही एक काढून देणारं) सूत्रही कामाचं नाही. शीटमध्ये कुठंही काही बदललं की ते नवा आकडा काढतं. मग ‘हवं ते नाव येईपर्यंत दाबत बसले’ असं कुणी म्हटलं तर उत्तर देता येत नाही.

म्हणून आपल्या हातात नसलेला, सगळ्यांना दिसणारा आकडा घ्यायचा. नावं रविवारी रात्री ९ ला बंद करा. आली त्या क्रमानं १, २, ३ असे अनुक्रमांक द्या आणि यादी त्याच रात्री जाहीर करा, फक्त पहिलं नाव आणि गाव, फोन नंबर नाही. सोमवारी शेअर बाजाराचा सेन्सेक्स ज्या आकड्यावर बंद होईल त्यातला दशांशाचा भाग सोडून द्या. उरलेल्या आकड्याला एकूण नावांनी भागा आणि बाकीत १ मिळवा. समजा बंद आकडा ८१,४६३ आणि नावं ४७. सत्तेचाळीस गुणिले १,७३३ म्हणजे ८१,४५१, बाकी १२, अधिक १, म्हणजे १३ क्रमांकाचं नाव. घरबसल्या कुणीही ताडून बघू शकतो.

१ मिळवायला विसरू नका. नाहीतर बाकी शून्य आली की कुणाचंच नाव निघत नाही आणि शेवटचा क्रमांक कधीच लागत नाही. दुसऱ्या पुस्तकासाठी १३ वगळून यादीला नव्यानं क्रमांक द्या आणि मंगळवारचा आकडा ४६ नं भागा. चार पुस्तकं गुरुवारपर्यंत होतील. शुक्रवारी निघेल ते राखीव नाव. बाजाराला सुट्टी असली तर पुढचा कामाचा दिवस धरायचा, हे आधीच नियमात लिहा. नाव निघालेल्यानं ७२ तासांत पत्ता कळवला नाही तर पुस्तक राखीव नावाला.

सातपुड्याची_वाट (शहादा)

टपालाचं मी सांगते. पुस्तकांसाठीची जुनी रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, कर वेगळा. पाकीट जमिनीवरच्या वाहतुकीनं जातं, त्यामुळे वेळ लागतो, पण कुठं पोहोचलं ते ऑनलाइन कळतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, म्हणजे झेरॉक्स काढून बांधलेली प्रत चालत नाही. नियतकालिकं आणि जाहिराती असलेला मजकूरही चालत नाही. आत पत्र किंवा दुकानाच्या जाहिरातीची खूणपट्टी ठेवू नका. दोन शब्द लिहायचेच असतील तर पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहा.

खरी मेख त्या ३०० ग्रॅममध्ये आहे. डेमी म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं २०० पानांचं, नेहमीच्या ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदाचं पुस्तक मुखपृष्ठासकट २३० ते २५० ग्रॅम भरतं. त्याला दोन्ही बाजूंनी खोक्याचा जाड पुठ्ठा लावला की ३० ग्रॅम वाढले, वर खाकी कागद, पिशवी, चिकटपट्टी. काटा ३०० च्या पुढे सरकतो आणि पुढचा दर लागतो. म्हणून पातळ पुस्तकाला भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचा मागचा पुठ्ठा वापरा. तो पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठा कापा. पाकीट नेहमी कोपऱ्यावर आपटतं, आणि कोपऱ्याला पुठ्ठा पुढं आलेला असला की मार त्याला बसतो, पुस्तकाला नाही.

क्रम असा : आधी पुस्तक प्लास्टिक पिशवीत, तोंड दुमडून चिकटपट्टी. आत पत्त्याची एक चिठ्ठी, म्हणजे बाहेरचं लेबल निघालं तरी पाकीट मार्गी लागतं. मग पुठ्ठे, त्यांना दोरा किंवा रबर लावू नका, पानांच्या कडेला खाच पडते. मग खाकी कागद. पावसाळ्यात पत्त्यावरून पारदर्शक पट्टी ओढा, शाई फुटत नाही. उन्हाळ्यात वेगळंच लक्ष ठेवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा पाकिटं बंद गाडीत किंवा डिकीत दुपारभर ठेवली तर चिकटबांधणीचा डिंक मऊ पडतो, आणि नंतर पुस्तक उघडताच मधली पानं सुटतात. पोस्टात सकाळीच टाका.

पत्ता लिहून घेताना ‘बुद्रुक की खुर्द’ हे विचाराच. सांगवी बुद्रुक आणि सांगवी खुर्द दोन्ही यावल तालुक्यातच आहेत, आणि पिंपरी, पिंपळगाव, वडगाव तर तालुक्यातालुक्यांत सापडतील. गाव, टपाल कार्यालय, तालुका, जिल्हा, पिन, मोबाइल, या सहाही गोष्टी घ्या. पाड्यावरचं घर असेल तर पाड्याचं नाव वेगळ्या ओळीत. पिन गावाचा नसतो, टपाल कार्यालयाचा असतो. लोक अंदाजानं तालुक्याचा टाकून मोकळे होतात आणि पाकीट चार दिवस भलतीकडे फिरतं.

हिशेब मांडून बघा. सवलतीनंतर सरासरी १८० रुपयांची १२ पुस्तकं म्हणजे २,१६०. बांधणी प्रत्येकी १५ धरून १८०. टपाल सरासरी ४० धरून ४८०. झाले २,८२०. उरलेले १८० हाताशी राहू द्या, एखादं पाकीट परत येतंच.

केळीचं_पान (रावेर)

पानंच मोजा, पुस्तकं मोजू नका. पुस्तकं मोजली की लोक ६० पानांच्या पुस्तिका शोधतात आणि ६०० पानांच्या कादंबरीला हात लावणाऱ्याचं नुकसान होतं. पण सगळी पानं सारखी नसतात. गद्याच्या १० पानांना १ गुण द्या. मोठ्या टायपातल्या बालपुस्तकांच्या २० पानांना १. कवितेच्या ५ पानांना १, कारण कविता सरसर वाचायची गोष्टच नाही.

दिवसाला ६० पानांची मर्यादा घाला, म्हणजे गद्याचे ६ गुण. मर्यादा नसली तर शेवटच्या रविवारी कुणीतरी ४०० पानं ‘वाचून’ पाठवतो. आठ आठवड्यांत १०० गुण हा उंबरठा ठेवा. गद्याची १,००० पानं झाली, रोजची साधारण १८. नोकरी किंवा शेती सांभाळून एवढं होतं.

नोंद वहीत, हातानं, रोजच्या रोज, आणि दर रविवारी त्या पानाचा फोटो. एका ओळीत एवढंच :

१४ जाने. — पान ५२ ते ७८ — प्रकरण ४ — ‘विहिरीवरच्या भांडणाचा भाग दोनदा वाचला, आधी चूक सुनेची वाटली, मग नाही.’

शेवटचा रकाना महत्त्वाचा. ‘सारांश लिहा’ म्हणालात तर मलपृष्ठावरचा मजकूर नाहीतर एआयनं लिहिलेला निबंध येईल. दोन्हीत विषय, आशय, संदेश सगळं असतं, पण ते कुठं थांबले, कुठं अडले, हे नसतं. कुठल्या जागी थांबलात आणि का, एवढंच विचारा. शंका आली तर पाच मिनिटांचा फोन करा आणि त्यांच्याच नोंदीतला एक दिवस घेऊन ‘इथं काय चाललं होतं?’ असं विचारा. आवाजात परीक्षेचा सूर नको. वाचलेला माणूस लगेच बोलू लागतो. तपासताना पानाच्या आकड्यावर अडून बसू नका, आवृत्ती बदलली की पानं सरकतात. म्हणून नोंदीत प्रकरण हवं आणि वहीच्या सुरुवातीला आवृत्तीचं साल.

नोंद अहिराणीत, लेवा बोलीत, भिलीत, पावरीत चालेल असं ठळक लिहा. प्रमाण मराठीत लिहायचं म्हटलं की कितीतरी चांगले वाचक वही उघडतच नाहीत. हे वाचन आहे, शुद्धलेखन नाही.

८ पैकी ३ पुस्तकं चांगल्या नोंदींना द्या, सर्वाधिक गुणांना नाही. उरलेली ५ उंबरठा ओलांडलेल्यांतून सोडतीनं.

तापीखोरं (भुसावळ)

या सोडतीला माझी हरकत नाही. १०० वाल्यालाही एक चिठ्ठी आणि ३०० वाल्यालाही एकच, एवढं पाळा.

गिरणेचा_पाट (चाळीसगाव)

तारखा नीट निवडा. ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणी असते, गावातलं घरच्या घर शेतात असतं, तेव्हा स्पर्धा ठेवू नका. मोठ्यांसाठी ३ जानेवारी ते २७ फेब्रुवारी घ्या. दोन्ही दिवस धरून बरोबर ५६ होतात, सावित्रीबाईंच्या जयंतीला सुरुवात आणि मराठी भाषा गौरव दिनाला शेवट. दहावी-बारावीच्या मुलांना यात ओढू नका, त्यांच्या परीक्षा तोंडावर असतात. शाळकरी मुलांची वेगळी फेरी १ जुलै ते २५ ऑगस्ट ठेवा, तेही ५६ दिवसच. त्यात बहुधा आपल्या कानबाईच्या सणाचा रविवार-सोमवार येतो, त्या दोन दिवसांच्या नोंदीची सूट द्या.

पुस्तकं मिळण्याचंही बघा. शहादा, जळगावात ठीक, पण लहान गावात वाचक तयार आणि पुस्तकच नाही असं होतं. जवळच्या शासनमान्य वाचनालयाला आधी भेटा, अगदी ‘ड’ वर्गाचं असलं तरी. त्यांना वाचक हवेच असतात. फोटो पाठवता येत नाही अशांच्या वह्या तिथंच जमा होऊ शकतात. पोस्टकार्डावर नोंदी मागवू नका. स्पर्धेच्या उत्तरांसाठी टपालखात्याचं १० रुपयांचं वेगळं कार्ड आहे. ५० पैशांच्या साध्या कार्डावर पाठवलं तर अडचण येऊ शकते, आणि १० रुपयांची आठ कार्डं कुणी घेणार नाही.

मोबाइलवर वाचायला मजकूर द्यायचा असेल तर हक्क संपलेलाच द्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे. बालकवी १९१८ मध्ये गेले. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये छापली गेली, लेखकाच्या पश्चात छापलेल्याची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात, तीही २०१२ अखेर संपली. आसोद्याची बहिणाबाई, धरणगावचे बालकवी आणि अमळनेरला शिकवलेले गुरुजी, एवढ्यावरच मुलांची पहिली फेरी निघेल. मात्र नव्या संपादकाची प्रस्तावना, टिपा, चित्रं यांचे हक्क वेगळे असतात, ती पानं गाळा. हयात लेखकांच्या पीडीएफ फिरवू नका. ज्यांच्या पुस्तकांवर आपण प्रेमानं लिहितो, त्यांच्याच ताटातलं ते आपण काढून घेतो.

बोरीकाठ (अमळनेर)

भाऊ, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. २० रुपयांचं रद्द. दोन फेऱ्या वेगळ्या घेतो आणि सोडत सेन्सेक्सवर. एक राहिलं : मुलांची नोंदणी कुणाच्या नावानं घ्यायची?

सातपुड्याची_वाट (शहादा)

नोंदणी पालकाच्या नंबरावर, त्यांच्या लेखी होकारानं. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती घ्यावी, असं कायद्यातही सांगितलं आहे. बक्षिसाचा फोटो टाकताना मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि गाव तिन्ही एकत्र देऊ नका, पहिलं नाव आणि तालुका पुरे. फेरी संपली की पत्ते आणि नंबर पुसून टाका. पाकिटावर मात्र मुलाचं नाव वर मोठ्या अक्षरात लिहा आणि खाली ‘द्वारा’ लिहून पालकाचं. पोस्टमनला घर बापाच्या नावानं सापडतं, पण आपल्या नावाचं पाकीट मुलानं स्वतः हातात घेतलं पाहिजे.