जुनी बोलर हॅट घेतलीय पण डोक्याला टोचते, वाफ देऊ का?

ट्रेंटकाठचा
मंडळी, मी नॉटिंगहॅमला असतो. रविवारी कार बूट सेलमध्ये (आपला जुना बाजारच, फक्त गाडीच्या डिकीतून) एक काळी बोलर (चार्ली चॅप्लिनची ती कडक, गोल घुमटाची टोपी) मिळाली, १८ पाउंडाला. आतलं पांढरं सॅटिन आता चहाच्या रंगाचं झालंय, चामड्याच्या पट्ट्यावर ६ ७/८ छापलंय आणि कुणाची तरी सोनेरी आद्याक्षरं आहेत. बायको म्हणते विकणाऱ्याने तुलाच टोपी घातली, कारण कपाळाला आणि मागे अशी टोचते की दहा मिनिटांत लाल वळ, आणि कानांच्या वर मात्र बोट जाईल एवढी फट! डोकं ५७ सेंमी आहे. किटलीची वाफ देऊन ताणू का? आणि घालून रस्त्यात फिरलो तर लोक चार्ली म्हणतील का?

अडगळवाला
थांब, किटली आधी खाली ठेव. बोलर म्हणजे मऊ फेल्ट (नमदा) नव्हे. ससाबिसाच्या केसांचा फेल्ट असतो पण त्यात लाख मुरवलेली असते, तीच आपली पळस-कुसुमावरची, पार्सलला सील लावायची. टिचकी मारून बघ, टक वाजेल. मुळात ही टोपी कामाचीच. १८४९ मध्ये नॉरफोकच्या होल्कम इस्टेटीवर शिकारीची राखण करणाऱ्यांच्या उंच टोप्या फांद्यांना अडकून पडायच्या, म्हणून त्या इस्टेटीच्या घराण्यातल्या एडवर्ड कोकने लंडनच्या लॉक या टोपीवाल्या कंपनीला ऑर्डर दिली आणि ती बनवली बोलर आडनावाच्या लोकांनी. घ्यायला आला तेव्हा म्हणे जमिनीवर ठेवून दोनदा पाय दिला, चेपली नाही तेव्हा १२ शिलिंग मोजले. तू पाय देऊ नकोस, जुनी लाख ठिसूळ होते, पापडासारखी तडकते.

आता साइझ. इंग्लिश ६ ७/८ म्हणजे ५६, तुला ७ हवी. अमेरिकन हॅटवर तेच माप एक अष्टमांश जास्त लिहितात, ऑनलाइन घेताना फसशील. पण पुढेमागे घट्ट आणि बाजूला सैल म्हणजे खरं दुखणं आकाराचं आहे, डोकं लांबट नि टोपी गोल. मऊ टोपी डोक्याप्रमाणे वळते, ही वळत नाही. म्हणून जुने टोपीवाले कॉन्फॉर्मेटर डोक्यावर ठेवायचे, टाइपरायटरच्या पट्ट्यांची टोपी केली तर कशी दिसेल तसं यंत्र, ते वरच्या कागदावर डोक्याचा छोटासा नकाशा टोचून देतं. मग टोपी गरम करून लाख मऊ झाली की त्या नकाशाप्रमाणे दाबायची, गार झाली की तशीच राहते. हे घरी करू नकोस, हॅटवाल्याकडेच दे. आणि एवढं करूनही १ सेंमीचा फरक कितपत निघेल, मला शंकाच आहे.

लीड्सची मावशी
अरे, वरचं अगदी खरं. माझी एक बोलर जुलैमध्ये गाडीच्या मागच्या काचेखाली राहिली, संध्याकाळी बघते तर काठ एका बाजूला लोळलेला, गालगुंड झाल्यासारखा! आणि उचलताना वरचा घुमट चिमटीत धरू नकोस, काठाला दोन्ही हातांनी धर. ठेवताना उलटी ठेव म्हणजे वळलेल्या काठावर भार येत नाही. सगळ्यात आधी चामड्याचा पट्टा उलटून आत बघ, कसर लागली असेल तर तिथेच असते.

दोन_दगडांवर
चार्ली कोण म्हणतंय! दर मे महिन्यात लंडनच्या हाइड पार्कात घोडदळाचे जुने-नवे अधिकारी सूट, बोलर आणि मिटलेली छत्री घेऊन संचलन करतात, तिथे तू शोभून दिसशील. फक्त १२ जुलैच्या आसपास बेलफास्टला घालून जाऊ नकोस, तिथे नारिंगी पट्टा आणि बोलर म्हणजे ऑरेंज ऑर्डर (तिथली प्रॉटेस्टंटांची संघटना), लोक उगाच भलता अर्थ लावतील.
आणि घट्ट-सैलचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस रे. बोलिव्हियात ला पाझच्या आयमारा जमातीच्या बायका दोन वेण्या आणि घेरदार घागऱ्यावर हीच टोपी घालतात, आणि ती डोक्यात घुसवतच नाहीत, माथ्यावर नुसती ठेवतात.

ट्रेंटकाठचा
पट्टा उलटला, कसर नाही, एक जुनी बसची तिकीट निघाली फक्त. पण दोन_दगडांवर, तुमची कमेंट बायकोने वाचली आणि अंबाड्याच्या पुढे ठेवून आरशासमोर उभी राहिली, आता परत द्यायला तयार नाही. तेव्हा इंग्लिश ७, लांबट डोक्याची, कुठे दिसली तर कळवा.