अनुभव धागा : पाठीला टेकू हवाय, पण नेमका कुठे?

पुणे, मीटिऑर ३५०, उंची ५ फूट ८

मागच्या महिन्यात मोटरसायकलवर पुणे-गोवा केलं, बेळगावहून चोर्ला घाटाने. निपाणीपर्यंत मजेत. पुढे कंबर कुरकुरायला लागली. गोव्यातल्या साखळी गावात गाडीवरून उतरलो तो वाकलेलाच. चहावाल्याला वाटलं, मी खाली काहीतरी पडलंय ते शोधतोय.

मीटिऑरचे फूटपेग, म्हणजे पाय ठेवायचे दांडे, जरा पुढे आहेत. पाय सैल सोडून बसायला छान, पण खड्डा आला की पायांवर वजन घेता येत नाही, सगळा दणका माकडहाडाला. म्हणून चालवणाऱ्यासाठीचा बॅकरेस्ट लावायचं मनात आहे. मीटिऑरच्या सुपरनोव्हा मॉडेलला मागे बसणाऱ्यासाठी येतो तो नव्हे. दोन सीटांच्या मधे उभा राहतो, तो. ज्यांनी लावला, लावून काढला, घरी बनवला, सगळ्यांनी लिहा. गाडी आणि उंची तेवढी सांगा, एकाचं माप दुसऱ्याला लागत नाही.

सांगली, थंडरबर्ड ३५०, ५ फूट १०

आमचा घरचाच कारभार. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पट्टी वाकवून घेतली, वर प्लायवूडचा तुकडा, त्यावर फोम आणि रेक्झिन. पहिल्यांदा पॅड बसवला पार बरगड्यांच्या मागं. दिसायला राजेशाही! कराड यायच्या आत अक्कल आली. वर टेकलं की खाली कंबर पोकळ राहते, आणि माणूस हळूहळू टाकीकडं घसरतो. बसायची तऱ्हा अशी होते की आरामखुर्चीत पेपर वाचतोय.

मग पट्टीला उभी खाच पाडून घेतली, पॅड खाली-वर सरकेल अशी. चार बोटं खाली घेतला. आता पँटच्या पट्ट्याच्या जरा वर लागतो, आणि कोल्हापूर-पुणे एका दमात होतंय.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पट्टी सीटच्या प्लेटला लावू नका, प्लेट वाकते. खाली फ्रेमला धरा. आणि नायलॉक नटच घाला, आत नायलॉनची कडी असते तो. साधा नट सिंगल सिलिंडरच्या थरथरीत सुटतो. माझा पेठ नाक्याला सुटला, पॅड लोंबकळत घरी आणला.

ठाणे, गाडी नवऱ्याची, मी मागे

तुम्ही सगळे पुढून बोलताय, म्हणून मागून लिहिते. ह्यांनी पॅड लावला आणि माझी चार इंच जागा गेली. मागे टॉपबॉक्स, पुढे पॅड, मधे मी, सँडविचमधली काकडी. त्या पॅडची मागची बाजू म्हणजे उघडं प्लायवूड. ब्रेक लागला की ती कड पोटात. चिपळूणपर्यंत मी मोजत होते किती वेळा ते. पुढच्या बाजूला तीन इंच फोम आणि मागे काही नाही, हे बनवणाऱ्याला आणि लावणाऱ्याला दोघांनाही दिसू नये? आता आम्ही मागूनही फोम लावून घेतलाय. दोघं जाणार असाल तर खरेदीला दोघं जा.

नाशिक, ॲव्हेंजर २२०, ५ फूट १ (मी मुलगी आहे, ‘भाऊ’ म्हणू नका)

माझा प्रश्न दुखण्याच्या आधीचा होता. सीट खोल, हँडल लांब. मागे सरकले की हात ताणतात, पुढे सरकले की पाठीला काहीच नाही. पॅड पुढे-मागे होणारा मिळाला, तो दोन इंच पुढे घेतला आणि पहिल्यांदा कोपरं वाकलेली ठेवून चालवता आली. उंची कमी असलेल्यांना या वस्तूचा खरा उपयोग हा, असं माझं मत.

पण ऑनलाइन घेतलेला तो पॅड घडी होणारा नव्हता. घोटीच्या पंपावर उतरताना बूट त्यात अडकला, गाडी आणि मी दोघी आडव्या. पोराने धावत येऊन गाडी उचलली. मला कोणी विचारलं नाही. पॅड पुढे पडेल असा बिजागरीचाच घ्या. मी तेव्हापासून पाय पुढून, पॅड आणि टाकीच्या मधून टाकते.

पुणे, हिमालयन ४११, ५ फूट ११

लावला, काढला. आमच्या गाडीवर बसणं ताठ, किंचित पुढे झुकलेलं. पॅडला टेकायचं तर मुद्दाम मागे रेलावं लागतं, मग खांदे भरून येतात. कंबरेचं दुखणं खांद्यावर नेलं, एवढंच झालं. काझाच्या वाटेवर दगडांत उभं राहून चालवलं आणि परत बसताना थेट पॅडच्या कडेवर बसलो. पुढचं लिहीत नाही.

पैसे आधी सीटवर घाला. मऊ फोम बोटाने दाबून छान वाटतो, पण दोन तासांत खाली बसतो आणि आपण पत्र्यावर. सीटवाल्याला खाली रिबॉन्डेडचा (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला) कडक थर आणि वर पातळ मऊ थर द्यायला सांगा. आणि दर दीड तासाला उतरा. त्याला पैसे पडत नाहीत.

न्यू जर्सी, गोल्डविंग, ५ फूट ९

इकडे या गाडीला चालकाचा बॅकरेस्ट लावणं अगदी नेहमीचं. मी आयर्न बट असोसिएशनची सॅडलसोअर १००० केली आहे : २४ तासांत १००० मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर. त्यातून कळलेली गोष्ट उलटीच आहे. पॅड पाठीला सतत चिकटलेला नको. ताठ बसल्यावर एक बोट फट राहू द्या. सतत टेकलं की माणूस सीटवर जागा बदलायचं विसरतो, मग पाठ शाबूत आणि बैठक कामातून गेलेली.

शिवाय माप जॅकेट घालून घ्या. जॅकेटच्या पाठीतलं कवच, म्हणजे बॅक प्रोटेक्टर, जाडी खातो, आणि त्याची खालची कड नेमकी पॅडवर येते. टीशर्टवर घेतलेलं माप वाया जातं.

छत्रपती संभाजीनगर, क्लासिक ३५०

थोडक्यात. माझ्या पायाला मुंग्या यायच्या, मी पॅड बदलत बसलो. निघाली कंबरेतल्या एल४-एल५ मणक्यांमधली गादी सरकलेली. दुखणं पायात उतरत असेल तर आधी डॉक्टर, मग दुकान.

पुणे, मीटिऑर (धागा काढणारा)

सगळ्यांचं वाचून रविवारी फुकटातला प्रयोग केला. सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून सॅकमध्ये कोंबली, सॅक मागच्या सीटवर आडवी बांधली, जॅकेट घालून वाईला जाऊन आलो. शिरवळला थांबून दोरी आवळली, एकदा वर, एकदा खाली. परतताना खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर लक्षात आलं की मघापासून कंबरेची आठवणच आली नाही. तिथेच थांबून सॅकच्या मध्याची सीटपासून उंची मोजली : सात इंच. वर तीन, खाली तीन अशी खाच सांगितली आहे. बिजागरी, मागून फोम, नायलॉक, सगळं कागदावर लिहून दिलं. बायको सोबत येऊन मागे बसून बघणार आहे.

कारागीर विचारतोय, पॅडच्या खाली पाण्यासाठी भोक ठेवू का?

सांगली, थंडरबर्ड

ठेवा की, दोन ठेवा. शिवणीतनं पाणी आत जातंयच. माझा पहिला पॅड अख्खा श्रावण वाळला नव्हता. ऊन पडलेलं असायचं, आणि टेकलं की शर्ट मागनं ओला.