लागली लॉटरी, पुढे काय? नागपूरकरांचे बक्षिसाचे आणि कराचे अनुभव

गेल्या दिवाळीत इतवारीतल्या एका दुकानातून साड्या घेतल्या, कुपन भरलं आणि विसरून गेले. महिन्याभरात फोन आला, "ताई, तुम्हाला स्कूटर लागली. पॅन कार्ड घेऊन या, आणि 27 हजार रुपये भरावे लागतील." मी फोन ठेवूनच दिला. लागलेल्या बक्षिसासाठी पैसे मागणारा माणूस लबाडच असणार ना! भाऊजींनी दुकानात जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं, खरंच लागली होती. स्कूटरची किंमत 90 हजार. सोडतीत लागलेल्या वस्तूवर 30 टक्के कर, आणि तो भरला गेल्याशिवाय देणाऱ्याला वस्तू हातात देता येत नाही. रोख बक्षीस असतं तर त्यातूनच कापून घेतला असता. स्कूटरचं चाक कापून सरकारला कसं देणार!

घरात तीन दिवस वाद. सासूबाई म्हणाल्या, "फुकटची गाडी 27 हजाराला?" शेवटी भरले, पावती घेतली, गाडी आणली. तेव्हापासून वाटतंय, हे आधी कुणी सांगत का नाही? लॉटरीचं तिकीट असो की दुकानाची सोडत, तुम्हाला काय लागलं, हातात किती आलं, फसलात का, सगळं या चर्चेच्या धाग्यात लिहा. न लागल्याचे अनुभवही चालतील, तेच जास्त असणार.

गणितमास्तर, महाल

न लागलेल्यांच्या वतीने मीच सुरुवात करतो. शेवटचे चार आकडे जुळले की बक्षीस, असं धरा. 0000 ते 9999, म्हणजे दहा हजारात एक शक्यता. दर आठवड्याला एक तिकीट घेतलं तर वर्षाला 52, आणि दहा हजार तिकिटं व्हायला 192 वर्षं. बरं, 192 वर्षं नेमाने घेतली म्हणजे लागणारच असंही नाही. असे शंभर चिवट लोक घेतले तर त्यांतल्या साधारण 37 जणांना तोवर एकदाही लागलेलं नसेल. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. मग एखादा म्हणतो, "सर, मागच्या वेळी शेवटी 7 आला, आता नाही येणार." सोडतीच्या यंत्राला मागची सोडत आठवत नाही रे बाबा. अन् ही झाली छोट्या बक्षिसाची गोष्ट. पहिल्या बक्षिसाला पूर्ण नंबर अन् मालिका दोन्ही जुळावं लागतं.

दिवाळी बंपरचं, म्हणजे सणाच्या मोठ्या बक्षिसाच्या सोडतीचं, एक तिकीट मीही घेतो. बायकोला माहीत नाही.

तिकीटवाला, बर्डी

मास्तर, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण गिऱ्हाईक हिशेब करत नाही ना भाऊ. माह्या टपरीवर सकाळी टेकडी गणपतीचं दर्शन घेऊन लोकं येतात, डोळे मिटून तिकीट काढतात. शंभर रुपये लागले तं पैसे नेत नाहीत, तेवढ्याचेच तिकिटं नेतात. मंग सांगा, लागले का गेले?

एक गोष्ट लोकायले माहीत नाही. कर फक्त जिंकल्यावर नाही, घेतानाच भरून राहिले तुम्ही. 1 मार्च 2020 पासून लॉटरीवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 झाला. शंभराच्या तिकिटात कर धरलेलाच असते, मूळ किंमत एकाहत्तरच्या जरा वर, त्यावर 40 टक्के म्हंजे साडेअठ्ठावीस रुपये तिथंच गेले. धंदा बसला बापा.

अन् काही लोकं येऊन हळूच "आकडा" मागतात. तो मटका झाला, लॉटरी नाही. एका आकड्यावर बक्षीस ठेवाले 1998 च्या लॉटरी कायद्यातच मनाई आहे. मी हाकलून देतो.

तिकीट लागलं तं पहिले मागच्या बाजूनं नाव, पत्ता लिहून सही करा. झेरॉक्स काढा. मोठं बक्षीस असलं तं कागदं नवी मुंबईले, वाशीच्या कार्यालयात जातात. एका गिऱ्हाइकानं लागलेलं तिकीट मित्राले पाहाले देलं होतं. पुढचं नाही सांगत.

सक्करदऱ्याची सून

आमच्या आईंना (सासूबाईंना) राज्य लॉटरीत 50 हजार लागले. आले 35 हजार. त्यांना दुसरं काही उत्पन्न नाही, म्हणून मी म्हटलं, विवरणपत्र भरू आणि 15 हजार परत मागू. बँकेतल्या व्याजावर कापलेला कर असाच परत आला होता. धंतोलीतल्या सीएंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ठरावीक उत्पन्नापर्यंत कर नसतो ना, लॉटरीच्या कमाईला ती किमान सूट लागूच नाही, पहिल्या रुपयापासून 30 टक्के. वर त्या करावर 4 टक्के उपकर, म्हणजे आणखी 600 रुपये आम्हीच भरायचे! आणि आजवर घेतलेल्या तिकिटांचा खर्च वजा? तोही नाही. आई वीस वर्षं तिकिटं घेताहेत, त्याचा हिशेब मी काढायला बसले होते. त्यांनी वही काढून घेतली.

नेहमीचा सोपा आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो, हेही तेव्हाच कळलं.

बुटीबोरी शिफ्ट

आम्ही पाच जण कंपनीच्या कँटीनमध्ये वर्गणी काढून तिकीट घ्यायचो. एक लाख लागले. तिकिटामागे एकाचंच नाव, त्याच्याच पॅनवर 30 हजार कापले, त्याच्याच खात्यात 70 आले. प्रत्येकी 14 हजार वाटले. जुलैमध्ये विवरणपत्र भरताना तो म्हणाला, उपकराचे 1,200 अन् सीएची फी मीच का भरू? बरोबर होतं त्याचं. पण दोघांनी दिले नाहीत. आता आम्ही चहा वेगवेगळ्या टेबलांवर पितो.

गोकुळपेठ

फसवणुकीबद्दल. वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर "25 लाखांची लॉटरी"चा मेसेज, टीव्हीवरच्या प्रसिद्ध कार्यक्रमाचं नाव, नंबर +92 ने, म्हणजे पाकिस्तानच्या कोडने, सुरू होणारा. "जीएसटी भरा, मग रक्कम येईल." 18 हजार गेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण दोन दिवस उलटून गेले होते. बाबांनी कधी तिकीटच घेतलं नव्हतं, हे त्यांना आम्ही विचारल्यावर आठवलं.

गणितमास्तर, महाल

धागा काढणाऱ्या ताईंना आलेला संशय म्हणून रास्तच होता. रोख बक्षिसाआधी कुणी कर मागितला तर फोन ठेवायचाच. वस्तू असेल तर दुकानात स्वतः जायचं.

मोठ्या रकमेचं एक उदाहरण देतो. 2022 च्या केरळच्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस 25 कोटी. दहा टक्के एजंटचं कमिशन गेलं, उरले साडेबावीस. 30 टक्के कापून 15 कोटी 75 लाख. कापलेल्या करावर तेव्हाचा 37 टक्के अधिभार (मोठ्या उत्पन्नावरचा जादा कर) आणि उपकर धरला की साधारण 12 कोटी 88 लाख. म्हणजे निम्म्याच्या जरा वर. एक कोटी लागलं, दुसरं उत्पन्नच नाही असं धरलं, तरी करावर 10 टक्के अधिभार अन् वर उपकर आहेच. हातात 65 लाख 68 हजार. कापलेले 30 लाख बघून लोक निर्धास्त होतात, अन् वरचे 4 लाख 32 हजार खर्चून बसतात.

तिकीटवाला, बर्डी

मास्तर, तुम्ही बंपर कोणाकडून घेता? माह्याकडून घ्या ना.

बुटीबोरी शिफ्ट

ताई, तुमचे 27 हजार दुकानदाराने सरकारात भरले का, ते 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या ऑनलाइन तक्त्यात, बघितलं?

धागा काढणारी

बघितलं. फेब्रुवारीत दिसले, त्याआधी दर आठवड्याला लॉगिन करत होते. वरचे उपकराचे 1,080 मीच भरले. गाडी सासूबाईच जास्त वापरतात, मागे बसून.